दाताची खूण

समरकंदमध्ये तिसऱ्या दिवशी
घुमट पाहून पाहून मान आखडली.
निळ्याचंही अजीर्ण होतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सियोब बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरले
तर भाजलेल्या तिळांच्या वासानं
बाही धरून आत ओढलं.

मस्तुराआपा तंदुरात कंबरेपर्यंत वाकलेली.
नान अशी थापायची भिंतीवर,
जसं किरकिऱ्या पोराला थोपटावं.
मधोमध सुयांचा ठसा: फूल,
त्यातली एक सुई मोडकी.
लोक त्यावरून तिचा नान ओळखतात म्हणे.

तिची ताजिक, माझी मराठी.
मध्ये सापडले ते शब्द आम्ही वेचत गेलो.
दुकान. बाजार. गरम. शहर.
खरबूज निघाला तेव्हा तर दोघी हसलो,
लग्नात दूरचा मामा भेटावा तशा.

तिनं चहा ओतला, किटलीत परत घातला,
ओतला, परत घातला, तीनदा,
आणि पुढे केला तो अर्धाच पेला.
मी ज्या घरची, तिथे कप भरतात
बशीत उतू जाईस्तोवर.
बाईचा हात आखडता दिसतो, म्हटलं मनात.
संपला की पुन्हा अर्धा.
पुन्हा अर्धा.
शेवटी शेजारचा जिरेवाला
(हिंदी मालिकांवर पोसलेलं त्याचं हिंदी)
म्हणाला, भरून दिला तर समजायचं, उठा आता.
अर्धा म्हणजे बसा.

बसले. कान तंदुरासारखे.

तेव्हा दिसला खिळ्यावर टांगलेला एक नान,
काळपट, खडखडीत,
कडेला एकच घास तोडलेला.
मी बोट दाखवलं.
"सुहरोब," ती म्हणाली. मग, "कोरिया."
मग बोटांवर वर्षं मोजली,
चार उघडली,
पाचवं उघडता उघडता मिटून घेतलं.

निघणाऱ्यानं एक घास खायचा,
उरलेला घरानं सांभाळायचा,
तो येऊन संपवेल.
"भिजवून, नाहीतर दात पडतील,"
जिरेवाल्यानं पदरचं घातलं.

संध्याकाळी उठले, तोंडातून गेलं, "येते हं."
म्हणजे काय, त्यानं विचारलं.
सांगितलं.
पण तू तर चाललीस!
कसं समजावू,
आमच्यात उंबऱ्यात "जाते" म्हणत नाहीत.
दवाखान्यात नेताना बाबा "जातो" म्हणाले,
आणि आई त्यांच्यावर ओरडली,
ती शेवटचीच.
हे मी सांगितलं नाही.
त्यानं मात्र मस्तुराआपाला काहीतरी सांगितलं,
माझ्या दोन शब्दांपेक्षा खूप लांबलचक.

तिनं ताजा नान काढला,
माझ्या तोंडासमोर धरला.
एकच, असं बोट.
मी चावले. जीभ पोळली.
भिंतीवर दुसरा खिळा नव्हता,
तिनं तो पिठाच्या पोत्यावर ठेवला,
फडक्याखाली, ठसा वर करून.

मग पेला घेतला
आणि काठोकाठ भरला.

गाडी चुकली असती माझी.
धावत गेले.
ताश्कंद येईपर्यंत जीभ
दाढेतल्या एका तिळाच्या मागे लागली होती.