खुंटी

रविवारी जेवणं उरकली की
मेल्विन ओर्लेमहून येतो, रुकैया खालच्या मजल्यावरून,
आणि आम्ही हॉलमध्ये अवकाश अंथरतो:
जुन्या होर्डिंगचं फ्लेक्स, उलटं टाकलेलं,
पाठीवर मार्करनं आखलेले षटकोन.
उजेडात धरलं तर आरपार अजून दिसतो
कुणा नगरसेवकाचा वाढदिवस.
जहाजं औषधांच्या खोक्यांची.
माझ्या युद्धनौकेच्या पोटावर लिहिलंय
‘जेवणानंतर एक’.

तिच्या सहाही तोफा मी नाळेवर बसवल्या,
ओळीत, दात विचकल्यासारख्या.
समोर येईल त्याची राख.
कंपासपेटीतला कोनमापक ठेवून
माऱ्याचा पंखा आखला, साठ अंशांचा, लाल,
आणि त्या लालात इतकी रमले
की बाकीचे तीनशे
मोजायचेच राहिले.

मेल्विनची होडी चिमुकली. एक तोफ, एक इंजिन.
चार खेळ्यांत वळसा घालून आली
माझ्या धुराड्यांमागे, आणि तिथे बसून
मला खात राहिली
फरसाण खावं तशी, घाई न करता.
मी वळायचे, तीही वळायची.
फाशावर सहा पडले तरी
माझ्या तोफा बघत होत्या
सोफ्याकडे.

उंबऱ्यात शेजारचे तांडेलकाका.
पस्तीस वर्षं गोदीत, तोफांच्या खात्यात फिटर;
आमची वाटी परत द्यायला आलेले.
म्हणाले, नाळ सजवलीस, बरं.
आता आधी ते काढ, जिथं मारता येत नाही.

गुडघा धरत फ्लेक्सच्या कडेला टेकले.
तोफ काय, गरगर फिरते.
तिला डोलकाठी कळत नाही,
आपली माणसं कळत नाहीत.
म्हणून खाली, ज्या कड्यात ती फिरते तिथं,
लोखंडाची खुंटी असते. तिथवर आली की अडते.
आमचं काम तेवढंच, खुंटी बसवायची, तपासायची.
शत्रू कुठून येईल ते बघायला वर साहेब होते.

मग खुंटीनं जो कोन खाल्ला
तो दुसऱ्या तोफेनं झाकायचा,
तिच्यानं राहिला तो तिसरीनं.
‘आणि तरी थोडा उरलाच तर?’ रुकैया.
‘उरतोच. कुठं उरलाय ते माहीत पाहिजे, बास.’

रात्री मी त्यांच्याकडे भजी घेऊन गेले.

पूर्वी काकांची खुर्ची गॅलरीत असायची,
गोदीकडे तोंड करून.
क्रेन, राखाडी डोलकाठ्या, रेवसची लाँच,
सगळं टप्प्यात.
मागे मोरीत काकू पडल्या
तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या.

आता खुर्ची आत, पाठ भिंतीला.
दार दिसतं, पलंग दिसतो, मोरीची कडी दिसते.
ओट्यापाशी खिळ्याला आरशाचा तुकडा
टांगलाय, तिरका.
समुद्र दिसत नाही.

मी काही बोलले नाही.
पलंगावरून काकू म्हणाल्या, मीठ कमी आहे गं.

पुढच्या रविवारी नाळेवर दोनच तोफा ठेवल्या.
दोन कुशींना, एक पाठीवर,
एक धुराड्यांखाली, इतकी लहान
की मेल्विन हसला.
प्रत्येकीशेजारी टाचणी टोचली, खुंटी म्हणून.
तरी डावीकडे, मागे, बारा अंश उरले.
ते पेन्सिलीनं रंगवले आणि
कुणाला सांगितलं नाही.

मेल्विन आला वळसा घालून, सवयीनं.
लहानीनं त्याला तिथंच धरला.
पण रुकैयाचं लक्ष डावात नव्हतं.
‘अवकाश आहे ना हे?’ ती म्हणाली,
‘मग वरून कुणी आलं तर?’

आम्ही तिघांनी वर बघितलं.
पंखा फिरत होता.