उणे अठरा

फुरसुंगीच्या शीतगृहात माझी रात्रपाळी.
अंगात दोन स्वेटर, वर कंपनीचं निळं जाकीट,
त्याची चेन दिवाळीपासून अर्ध्यावरच अडते.
बाहेर मे महिना, डांबर बुटाला चिकटतं.
आत पेन बंद पडतं म्हणून पेन्सिलीनं लिहायचं,
हे पहिल्याच दिवशी दस्तगीरनं सांगितलं
फोर्कलिफ्टवरून न उतरता.

खोक्यांवर नावं असतात.
देशी बांगडा, मालपे, दहा किलोची लादी,
किलोला सहा ते आठ नग.
ओमानचा बांगडा, जरा थोराड.
नॉर्वेचा, पाठीवर नागमोडी रेघा
कुणी ओल्या बोटानं गिरवाव्यात तशा.
जपानकडचा, पोटावर ठिपके.
आणि एक घोडा-बांगडा, जो बांगडा नाहीच,
कुशीला खवल्यांची करवत,
पण बिलात आडनाव लावलं की तोही खपतो.

मी करमाळ्याचा.
मासा म्हणजे उजनीचा चिलापी, जाळ्यात थडथडणारा.
बांगडा मी हलताना कधी पाहिला नाही.
माझ्या लेखी तो जन्मताच ताठ,
डोकं-शेपूट, डोकं-शेपूट रचलेला,
अंगावर पाण्याची काच.
ती चढवतात मांस सुकू नये म्हणून.
शेकडा दहा ठरलेली असते,
कधी वीस भरते.
मग एक नग बादलीत धरायचा काच उतरेतो,
पुसायचा, पुन्हा तोलायचा,
जे घटलं त्यापुढे लिहायचं: पाणी.
माशाच्या भावानं पाणी घेतं गिऱ्हाईक.
आमचं जुनं गाव पाण्यात गेलं
तेव्हा आजोबांनाही कुणीतरी असंच तोलून दिलं होतं,
पण ती नोंदवही माझ्याकडे नाही.

पहाटे चारला गणेश पेठेतून टेम्पो येतो.
सुलभा कुबल पुढे बसलेल्या, मांडीवर डबा.
नॉर्वेचं खोकं फोडून बघतात,
रेघांवरून नख फिरवतात.
"हो आमचो न्हय," म्हणतात,
आणि चार खोकी घेतात.
चरबी जास्त, हॉटेलवाले मागतात.

परवा रात्री साडेबाराला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प.
दार उघडायचं नाही, एवढंच करता येतं.
दस्तगीर आणि मी दाराला पाठ लावून बसलो,
जणू आतून कुणी बाहेर येणार होतं.
काट्यावर उणे सोळा. उणे तेरा.
त्यानं बहिणीच्या सासरचं काहीतरी सांगितलं,
मी ऐकलं नाही.
उणे नऊला मिस्त्री आला, शिव्या देत, लुंगीवर.

दाराजवळच्या एका खोक्याचा कोपरा मऊ झाला होता.
मालपेची लादी. वरचा बांगडा सुटा.
काच गळालेली,
आणि पाठ हिरवी.
राखाडी नव्हे, जी मी तीन वर्षं लिहीत आलो.
हिरवी, निळ्याकडे झुकणारी,
विजेरी हलवली की सरकणारी.
आणि वास. दुर्गंध नाही,
मीठ, शेवाळ, ओला दोर असलं काहीतरी.
दस्तगीर म्हणाला, समुद्र असाच असेल.
त्यानंही पाहिलेला नाही.

सुलभाबाईंनी अंगठा दाबला. खळगा लगेच भरला.
"चांगलो आसा. पण परत गोठव नको हां."
आणि डब्याच्या झाकणात ठेवलेली
चार तिरफळं माझ्या हातावर टेकवली,
कशात घालायची ते न सांगता.

भेकराईनगरच्या खोलीत, एका स्टोव्हवर,
दोघांनी अंदाजानं कालवण केलं.
आंबट जास्त झालं. काटे दस्तगीरनं काढून दिले.
तिरफळ चावलं तशी जिभेला मुंग्या आल्या,
बोटांना रोज येतात तशाच,
फक्त या गरम होत्या.

वहीत पेन्सिलीनं लिहिलं:
बांगडा, देशी, एक नग वजा.
कारण: तपासणी.