उजवा हात

नोकरी लागली तेव्हा विचारलंस, कशाची?
म्हटलं, बिमची.
तू हसलास, हाताचा गंज न पुसता:
"बीम तर मी तीस वर्सं बांधू लालोय,
त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

मी समजावत बसले नाही.
पुण्यातल्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी
तुझ्याच दोन स्लॅबांच्या मजुरीतून गेली होती
आणि तिसऱ्या स्लॅबचा ठेकेदार
अजून फोन उचलत नव्हता.

आता नांदेडात, वजिराबादेत, झेरॉक्सच्या दुकानावर
सात जण एका खोलीत बसतो.
एक इन्व्हर्टर, एक माठ, चौदा स्क्रीन.
कुणीही न पाहिलेल्या वाळवंटातल्या गावात
दवाखाना उभा करतो आहोत, अकरा मजली,
टोपलंभर माती न उकरता.
इथल्या कॉलमवर क्लिक केलं की तो बोलतो:
जाडी, भाव, कुठल्या आठवड्यात उभा राहणार.
तुझे कॉलम काही सांगत नसत.
तू हातोडीने टकटक करून
कान लावायचास.

दर शुक्रवारी क्लॅश रिपोर्ट निघतो.
पहिल्यांदा चार हजार दोनशे टकरी होत्या:
एसीचा डक्ट बीमच्या पोटात,
संडासाचा पाइप ऑपरेशन थिएटरच्या छतातून.
आम्ही सरकवतो, वाकवतो, उचलतो,
चुकलं की कंट्रोल झेड.
तुझ्या चुकीला छिन्नी लागायची
आणि अर्ध्या दिवसाचा खाडा.

तुझं माप सूत, माझं मिलिमीटर.
तीन मिलिमीटर म्हणजे सुताला जरा कमी,
तेवढ्या फटीतून आपण एकमेकांशी बोलतो.

त्या रविवारी तू डबा घेऊन आलास.
स्क्रीनवर एक सांधा फिरत होता,
चारी बाजूंनी बीम येऊन कॉलमला भिडलेले,
बत्तीसच्या सळया, उसाच्या फडासारख्या दाट.
मी मिरवत म्हटलं, बघ, लाल काहीच नाही.
एकही टक्कर नाही.
तू चष्मा नाकावर ढकललास.
बराच वेळ काही बोलला नाहीस.
मग उजवा हात काचेपाशी नेलास,
अर्ध्या तर्जनीचा,
आणि मूठ वळून सळयांसमोर धरलीस:
"आन हितं हात कसा घालायचा गं?
तार कशी पिळायची?"

सॉफ्टवेअरला सळई पाठ होती,
व्यास, बाक, टनाचा दर.

तुला जाऊ दिलं नाही.
जुन्या प्रिंटच्या पाठीवर हात ठेवायला लावला,
पेन्सिलीने कड काढली,
पक्कड धरलेली मूठ मोजली, मनगट मोजलं.
तू म्हणालास, "बांगड्या भरतीस का काय?"
रात्री त्या मापाचा एक ठोकळा केला,
सांध्यासांध्याला बसवला.
नाव द्यावंच लागतं, म्हणून दिलं.

शुक्रवारी रिपोर्ट लालभडक.
यल्लप्पा उजवा हात, बीम बी सतरा.
यल्लप्पा उजवा हात, कॉलम सी चार.
एकशे शहाण्णव वेळा.
मीटिंगमध्ये पलीकडून कुणीतरी विचारलं,
हे यल्लप्पा कोण? नवीन सप्लायर?
माझा माइक बंद होता.
चालू केला. म्हटलं, वर्किंग क्लिअरन्स आहे सर.
इनामदार सर माझ्याकडे बघत राहिले
आणि इंग्रजीत म्हणाले, तो राहू द्या.

एकोणीस दिवसांनी नवं ड्रॉइंग आलं:
कपलर लावा, प्रत्येक सांध्यात चार सळया कमी.
तुला फोन केला, आनंदाने.
तू गप्प. मग म्हणालास,
"चार कमी? अकरा मजल्याला?
नीट इचारून घे बाई."
मी म्हटलं, गणित करूनच केलंय.
"बरं. आन माझ्या हाताची हजेरी
कोन मांडली?"

हसून फोन ठेवलास.
मी ठोकळ्यावर क्लिक केलं.
लांबी होती, रुंदी होती, नाव होतं.
खर्चाचा रकाना
मीच रिकामा सोडला होता.