वर एक

बर्फाच्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
पाइप घरघरतो, लाद्या आपापल्या गोठतात,
त्यांना माझी गरज नसते.
मी खुर्ची भिंतीला टेकवतो, मोबाइल चार्जिंगला,
आणि त्या बाजारात शिरतो
जिथे कुणाच्या अंगाला मासळीचा वास येत नाही.

तिथे मी निळं मीठ विकतो.
लांडग्याची कातडी, विषावरचं तेल,
दुसऱ्यांनी मारलेल्या राक्षसांचे दात.
तलवार क्वचितच उपसतो.
लेव्हल साठ, आणि मारले असतील
फार तर शंभरेक उंदीर,
तेही सुरुवातीला, भांडवलापुरते.

धंदा शिकलो गुलाबआत्याकडे,
हर्णैच्या वाळूवर, चार वाजता,
बैलगाड्या पाण्यातून माल ओढत येतात तेव्हा.
हवी ती टोपली सोडून दुसरीकडे बघायचं.
पापलेट पाहिजे तर बोंबलांना नावं ठेवायची.
संकष्टीला घ्यायचं, बर्फात दाबायचं, रविवारी काढायचं.

खेळातही संकष्टी असते.
मंगळवारी सगळं ओस, मीठ तीनवर येतं.
शनिवारी रात्री गडावर चढाई,
तेच मीठ अकराला जातं,
वर घेणारा म्हणतो, थँक्यू भाई.

एकदा सपशेल बुडालो, तेही सांगतो.
चंद्रवेलीच्या दोन हजार जुड्या भरून ठेवल्या,
आणि गुरुवारच्या अपडेटनंतर
चंद्रवेल गटाराच्या कडेलासुद्धा उगवायला लागली.
आत्या म्हणाली,
"बांगड्याची रास लागली की असाच होतं.
तुजा सडत तरी नाय."

तर परवा, पहाटे तीनला,
बांगडा_०७ नावाचं कुणीतरी बाजारात आलं.
लेव्हल बारा. फाटके बूट.
एक भाला विकायला काढलेला, दोनशे नाण्यांना.
भाल्याच्या पात्यावर बारीक हिरवी रेघ.
ती रेघ मी वर्षभरात दोनदा पाहिलीय.

मी भाल्याकडे बघितलं नाही.
बुटांना नावं ठेवली.
"घोडा घ्यायचाय," त्याने लिहिलं,
"सगळे पुढे निघून जातात."
"दीडशे," मी लिहिलं.
"बरं दादा."

उजाडेपर्यंत भाला चाळीस हजारांना गेला.
मी लाद्या बाहेर काढल्या.
बोटं बधिर झाली, ती रोजच होतात.

दुपारी आत्याकडे बर्फ टाकताना सगळं सांगितलं.
तिने मान वर केली नाही.
"त्यानं भाव इचारला?"
"नाही."
"मंग? तुजा काय चुकला?"
आणि हे बोलता बोलताच समोरच्या बाईच्या पिशवीत
वाट्यावर अजून एक सौंदाळा टाकला, वर म्हणून,
तिने मागितला नव्हता,
आणि आत्याने तो टाकताना बघितलाही नव्हता.

त्या रात्री मी घोडा घेतला.
काळा, पुढचे दोन खूर पांढरे, नऊशे नाणी.
पाठवणाऱ्याचं नाव लपवता येतं,
त्याचे पंचवीस वेगळे पडतात. तेही भरले.
मग बराच वेळ कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत बसलो
आणि स्वतःवर जरा खूश झालो, खोटं कशाला बोलू.

काल घोडा बाजारात होता.
विकणारा बांगडा_०७.
किंमत पंधराशे.

पाय अजून त्याच बुटांत.
मी लिहिलं, "घोडा म्हातारा दिसतो. हजार."
बराच वेळ काही नाही.
बंदरावर कुणाचं तरी इंजिन
सुरू होता होता बंद पडलं.
मग अक्षरं उमटली:
"दादा, खूर बघा की. चौदाशे.
आणि मिठाचा भाव काय चाललाय?"

मंगळवार होता.
मी तीन लिहिलं.
खोडलं.