आडवं चालणं

आमच्या घरात सगळे आडवे चालायचो.
दारातून आत, पोट ओढून, डावा खांदा पुढं.
एका अंगाला सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, छतापर्यंत,
दुसऱ्या अंगाला सुतळीनं बांधलेले पेपर,
त्यांच्यावर डालड्याचे डबे, डब्यांत झाकणं.
त्या डब्यांची झाकणं वेगळ्या पोत्यात.
पुढं जालन्याला नांदायला गेले
तर नणंद म्हणाली, वहिनी,
एवढ्या मोठ्या दारातून आडव्या काहून निघता?

माय नर्स. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं.
प्रयाग सिस्टर म्हटलं की तालुका ओळखायचा.
खेड्यात लोकांच्या रांजणात वाकून बघायची,
"आठवड्यातून एक दिस कोरडा पाळत जा बाई,
आळ्या व्हत्यात,"
भिंतीवर खडूनं तारीख टाकायची.
आणि संध्याकाळी तिच्या पिशवीत
लसीचे खोके, थर्माकोल,
कुणाच्या तरी उकिरड्यावरचा बिनकानाचा कप.

"आसू दे. कव्हातरी कामा येतंय."

पाणी दहा दिवसाला येतं आमच्याकडं,
साठवणं कुणाला चुकलंय?
पण रांजणाला बूड असतं, तोंड असतं,
भरला की भरला.

आधी मधली खोली गेली. मग न्हाणी.
व्यंकटनं दहावीचा अभ्यास एसटी स्टँडवर केला,
चौकशीच्या खिडकीशेजारच्या बाकावर.
हिंगोलीच्या गाड्या त्याला पाठ झाल्या, भूमिती नाही.
मला बघायला पाहुणे आले ते रझिया खालांच्या घरी.
आमच्याकडं रंगकाम चालू आहे, दादांनी सांगितलं.
सात वर्षं चालू होतं रंगकाम.

दादा लाईनमन. अख्ख्या गावाला उजेड दिला
आणि घरातला बल्ब गेला तर
शिडी टेकवायला जागा नाही.
एकदाच त्यांनी तुटक्या चपलांचं एक पोतं
उचलून ओट्यावर ठेवलं.
ती रात्रभर त्या पोत्यापाशी बसली,
बोलली नाही, रडली नाही,
मयताजवळ बसतात तशी.
पहाटे दादांनीच पोतं आत आणलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादांवरून वारं गेलं.
ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली.
दारापासून पलंगापर्यंत अठरा पावलं,
त्याला पाऊण तास लागला.
माणूस आडवा चालतो. स्ट्रेचर चालत नाही.
माय नाडी धरून होती, सगळं बरोबर सांगत होती,
"तीन वीसला तोंड वाकडं झालं, उजवा हात गेलाय,
पाणी पाजू नका,"
आणि पोरांनी पहिला ढीग ढकलला तशी
त्याच आवाजात ओरडली,
"हळू रे, बाटल्या फुटतीन!"

परभणीच्या डॉक्टरनं विचारलं, एवढा उशीर का?
रंगकाम चालू होतं,
माझ्या जिभेवर आलं होतं.

चौथ्या दिवशी दादा गेले.
पाचव्या दिवशी व्यंकटनं ट्रॅक्टर लावला. नऊ खेपा.
पेपरांच्या खाली उंदरांची पिल्लं, गुलाबी,
माझ्या शाळेचा डबा,
दादांचे एकोणीस टेस्टर, एकही चालू नाही.
माय खालांच्या ओसरीत, पदर तोंडात धरून,
खेपा मोजत.
मला तिची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू.
प्रत्येक खेपेला मला बरं वाटत होतं
आणि त्या बरं वाटण्याची शरम.

रात्री तिला घरात आणलं.
फरशी दिसत होती. हिरवी निघाली.
बोललं की आवाज घुमायचा.
माय उंबऱ्यात थांबली,
पोट ओढलं, डावा खांदा पुढं केला
आणि त्या मोकळ्या खोलीतून आडवी चालत गेली
भिंतीपर्यंत.

तेराव्याला दोनशे पान जेवलं.
मागं मोरीपाशी आवाज आला म्हणून गेले
तर माय बसलेली,
पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास वेचून आणलेले,
एक धुऊन पालथा घालत होती, मग दुसरा.
हिसकावून घ्यायला वाकले.
तिनं वर बघितलं नाही, हात तेवढा पुढं केला.
बादलीत बोटभर पाणी होतं.
मी तांब्या उचलला
आणि बारीक धारेनं ओतत राहिले.