दंताळं

मार्च सरता सरता बर्चच्या खोडाला भोक पाडते,
नळी खोचते, खाली बरणी टांगते.
रात्रभर झाड थेंब थेंब बोलत राहतं.
सकाळी बरणीत रस, रसात दोन मुंग्या,
आणि काचेच्या कडेला कुणाच्या तरी जिभेची पुसट खूण.
विचारायचं कुणाला?
इथे चार मैलांत माणूस म्हणजे मी
आणि टेकाडापलीकडचा गुनवाल्डिस,
तो बरण्या चाटत नाही.

रीगाहून लेक फोनवर विचारते, एकटीला भीती नाही वाटत?
एकटी? म्हटलं, मोजून सांगू?

न्हाणीघराच्या पायरीखाली कोल्हीण व्यालीय.
शनिवारी वाफेसाठी भट्टी पेटवली
की फळ्यांखालून पिल्लांची कुरकुर येते.
ऊब माझी, सरपण माझं,
वर एक कोंबडीही माझीच गेली.
दुसरी मिळणार नाही,
असं फळीच्या फटीला तोंड लावून बजावून ठेवलंय.

हरिणीने ट्यूलिपचे कोंब खाल्ले.
खांबावर करकोचा यंदा दोन दिवस उशिरा आला,
जुनं घरटं झटकलं,
तर काटक्यांतून माझा मोजा खाली पडला,
गेल्या उन्हाळ्यात दोरीवरून गेलेला.
हे सगळं चालतं.

पण बीव्हर!

ओढा अडवलाय त्यांनी.
खालचं कुरण, विल्निसचं, गुडघाभर पाण्यात.
रोज सकाळी त्याचे गमबूट घालून जाते,
तीन नंबर मोठे, टोकात तोच मोजा कोंबलेला,
लोखंडी आकड्याने धरण फोडते.
पाणी सुटतं. घरी येऊन पाव कापते.
रात्री ते पुन्हा बांधतात.
ना आरडाओरडा, ना कागदपत्रं.
असे एकवीस दिवस.

गुनवाल्डिस बंदूक घेऊन आला.
आउस्मा, अजून आठवडाभर परवाना आहे, म्हणाला,
तू नुसतं हो म्हण.
मी म्हटलं, उद्या.

संध्याकाळी शेवटचं म्हणून फोडायला गेले.
फांद्या निघाल्या, चिखल निघाला,
मग आकडा एका सरळ लाकडात अडकला.
फांदी इतकी सरळ नसते.
हाताने चिखल पुसला.

दंताळं.
दांडा ॲशचा, दात मेपलचे,
आणि मधला एक, तुटल्यावर घाईत ठोकलेला,
सफरचंदाच्या लाकडाचा, जरासा वाकडा.
नीट बसव, म्हणाले होते मी.
गवताला काय कळतंय, म्हणाला होता तो.

जुलैत हे कुरणातच ठेवून आला होता,
जेवतो आणि जाऊन उचलतो, म्हणाला.
जेवला.

नंतर किती शोधलं मी हे,
लोक घरात बसलेले असतानासुद्धा.

दांड्यावर जिथे त्याची मूठ असायची
नेमकं तिथेच कुरतडलंय.
घामाचं मीठ असणार. जनावराला मीठ लागतं.

ओढून पाहिलं.
थोडं हललं, आणि त्याच्यासोबत सगळं धरण हललं,
आतून कुठून तरी पाणी गुडगुडलं.
सोडलं.

काळोख्या पाण्यावर एक डोकं, नाकापुरतं,
माझ्याकडे बघत थांबलेलं.
मग शेपटी, फाडकन!
सगळं पाणी माझ्या तोंडावर.
मी शिवी हासडली, अस्सल, आईकडून आलेली.

सकाळी गुनवाल्डिसने बंदूक दारामागे टेकवली,
बर्चच्या रसाचे तीन पेले रिचवले.
मग?
बटाटे यंदा वरच्या अंगाला लावीन, म्हटलं.
त्याने खिडकीतून वर पाहिलं.
तिथे दगड आहेत.
आहेत, म्हटलं,
आणि पेला पुन्हा भरला.

रोज दोन फांद्या मात्र मी काढतेच,
तळघरात पाणी शिरू नये म्हणून.
रात्री ते तीन लावतात.