वहीतली मूठ

शनिवारी दुपारी कोणी कडी वाजवली नाही.
डब्यात तांदूळ तसाच पडून,
आठवडाभराचा. चूल पेटवण्याआधी
चर्चसाठी एक मूठ बाजूला काढायची,
आमच्या मिझो डोंगरांत घरोघरी हीच रीत,
आणि तो गोळा करायला यायचीस तू,
पी दारछिंगी.

तू गेलीस बुधवारी पहाटे.
पोरांनी खडकात कबर खणली, पहारीचं टोक वाकलं.
दोन रात्री तुझ्या घरी गाणी झाली,
खुआंगचा ठोका फळ्यांच्या जमिनीतून
मांडीपर्यंत चढायचा.
मी गायलो नाही. लोकांना चहा दिला.
दाराशी तुझे जोडे होते,
उजवी टाच जास्त झिजलेली.
झिजणारच. एकशे चाळीस घरं,
आणि आपला रस्ता एकतर चढ, नाहीतर उतार.

आज बायकांनी वही माझ्याकडे दिली,
म्हणाल्या, तू शिकलेला, तुला बेरीज जमेल.
ओल धरून फुगलेली पानं, तुझं गोल अक्षर:
घर, नाव, किती मग.

सत्ताविसाव्या पानावर थांबलो.
ते वर्ष.
ऐझॉलची नोकरी घालवून आलो होतो,
दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचो.
डब्यात उंदरांच्या लेंड्या होत्या, पी.
तू झाकण उघडलंस, पाहिलंस,
"बरं," म्हणालीस,
झाकण नीट लावलंस
आणि पोतं खांद्यावर टाकून निघून गेलीस.

इथे माझ्या नावापुढे लिहिलंय:
एक मग. एक मग. एक मग.
एकही शनिवार सुटलेला नाही.
आणि तुझ्या नावापुढे, आधीची कित्येक वर्षं दोन,
त्या वर्षी
एक.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी तर रिकामी होती.
तू ती झाकलीस
स्वतःच्या ताटातला भात कमी करून,
आणि रविवारी बाकावर सरकून
मला जागा दिलीस, नेहमीसारखी.

बेरीज बरोबर येते. दोनदा करून पाहिली.

शेवटच्या पानावर, वरच्या वळणावरचा थुआमा.
त्याच्या नावाशेजारी पेन्सिलीने:
"थांबावं. दार उशिरा उघडतं."
आणि पुढे, गेल्या पावसाळ्यापासून,
एक मग. एक मग.
थुआमाच्या घरातून धूर निघालेला
मी तरी बरेच दिवस पाहिला नाही.

उद्या शनिवार.
पोतं तुझंच घेईन, खांद्यापाशी शिवलेलं.
निघण्याआधी
घरच्या तांदळात मग दोनदा बुडवीन.